दमट हवेत बाथ बॉम्ब: फुसका बार होऊ नये म्हणून

बाथ बॉम्ब म्हणजे आंघोळीच्या पाण्यात टाकला की फसफसत विरघळणारा सुगंधी गोळा. इंटरनेटवरच्या बहुतेक बाथ बॉम्बच्या कृती कोरड्या हवेतल्या आहेत. त्यात "थोडं पाणी शिंपडा, मळा, साच्यात भरा, रात्रभर उघड्यावर वाळवा" असं बिनधास्त लिहिलेलं असतं. नागपूरच्या एप्रिलमध्ये ते कदाचित जमेलही. रत्नागिरी, पणजी किंवा मुंबईत जुलैमध्ये तसं केलं, तर सकाळी साच्यातून गोळा बाहेर आलेला दिसतो: फुगलेला, अंगावर फोड आलेला, बोट लावलं की भुगा. पाण्यात टाकला तर दोन-चार बुडबुडे येतात आणि संपतं.

बहुतेकांना वाटतं की प्रमाण चुकलं. मग सोडा वाढवून बघतात, सायट्रिक कमी करून बघतात. प्रमाण सहसा बरोबरच असतं, चुकतो तो क्रम. दमट हवेत कोरडेपणा आधी मिळवावा लागतो. साहित्याची पिशवी त्यानंतरच फोडायची.

आधी एवढं समजून घ्या

बाथ बॉम्बमध्ये दोन मुख्य पदार्थ असतात: खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. कोरडे असताना दोघं शेजारी शेजारी शांत बसतात. पाणी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तीच ती फसफस.

खरी मेख पुढे आहे. या क्रियेत पाणी नुसतं लागत नाही, ते तयारही होतं. 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड सोड्याबरोबर पूर्ण वापरलं गेलं, तर सुमारे 28 ग्रॅम पाणी निर्माण होतं. म्हणजे हवेतून चार थेंब आत शिरले तरी ते थेंब क्रिया सुरू करतात, क्रिया आणखी पाणी देते आणि ते पाणी पुढची क्रिया चालवतं. म्हणून "थोडंसंच ओलं झालंय, वाळेल" हा हिशेब इथे चालत नाही.

त्यात सायट्रिक ॲसिड मुळात पाणी ओढणारं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की त्याचे कण पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतात. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस याच्या वर असते. अशा हवेत उघडं ठेवलेलं लिंबूसत्त्व हळूहळू चिकट होतं आणि त्या चिकटपणातच पुढच्या सगळ्या बिघाडाचं बी असतं.

पायरी 1: दिवस, वेळ आणि खोली

पहिली खरेदी साच्याची नको, आर्द्रतामापकाची करा. लहान डिजिटल मापक काहीशे रुपयांत मिळतो. खोलीत 50 टक्के किंवा त्याखाली आकडा दिसेपर्यंत कामाला हात घालायचा नाही. 50 ते 60 मध्ये लहान घाणा जमतो. 60 च्या वर असेल तर त्या दिवशी दुसरं काहीतरी करा.

एसी असेल तर दारं-खिडक्या बंद करून काम सुरू करायच्या दोन तास आधी लावा. बऱ्याच एसींना ड्राय मोड असतो, तो वापरा. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, असेल तर उत्तमच. खोली निवडताना तीन गोष्टी बघा. स्वयंपाकघर नको, कारण भाताची शिटी झाली की आकडा चढतो. बाथरूमला लागून असलेली खोलीही नको. आणि जिथे दोरीवर कपडे वाळत घातलेत ती तर मुळीच नको. पावसाळ्यात घरात वाळत घातलेले कपडे रात्रभर खोलीत पाणीच सोडत असतात. एसी तेच पाणी काढत बसतो आणि आपण म्हणतो, आकडा उतरत का नाही!

एसी नसेल तर हंगाम निवडा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा किनाऱ्यावरही बरा काळ. दिवसात दुपारी एक ते चार ही वेळ घ्या. तापमान सर्वांत जास्त असताना सापेक्ष आर्द्रता सर्वांत कमी असते. रात्री जेवणं आटोपल्यावर निवांत करू म्हटलं, तर आर्द्रता तेव्हाच चढलेली असते.

*तपासणी:* मापक ओट्यावर किंवा टेबलावर ठेवा, एसीच्या झोतात नको. झोतातला आकडा आणि टेबलावरचा आकडा यांत बराच फरक पडतो.

*इशारा:* साहित्य "थंड राहावं" म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर थंड पिशवीवर दव धरतं आणि ती उघडली की तेच पाणी आत जातं.

पायरी 2: साहित्य ओळखून घेणं

*खाण्याचा सोडा.* सोडियम बायकार्बोनेटच हवा. धुण्याचा सोडा दिसायला तसाच, पण तो सोडियम कार्बोनेट. त्वचेला झोंबतो, कोरडं करतो. पापडखारही चालत नाही, बेकिंग पावडरही नाही. व्हिनेगरमध्ये फसफसला म्हणजे खाण्याचाच सोडा, असं धरून चालू नका. धुण्याचा सोडाही फसफसतो. सुट्या मालापेक्षा नाव छापलेलं पाकीट घ्या.

*सायट्रिक ॲसिड.* लेबलवर "अनहायड्रस", म्हणजे बिनपाण्याचं, असं लिहिलेलं हवं. "मोनोहायड्रेट" प्रकारात 100 ग्रॅममागे साडेआठ ग्रॅमच्या आसपास पाणी स्फटिकातच बांधलेलं असतं. किराणा दुकानात पुडीत बांधून मिळणाऱ्या लिंबूसत्त्वावर कुठला प्रकार ते लिहिलेलं नसतं, शिवाय ते हवेत उघडं राहिलेलं असतं. सरबताला ते ठीक आहे, इथे नको. दाणाही बघा, बारीक साखरेएवढा हवा. जाड खड्यांचे पुढे पृष्ठभागावर ठिपके आणि फोड होतात.

*कॉर्नफ्लोअर.* पांढरा स्टार्च, मक्याचं पिवळं पीठ नव्हे. हा मिश्रणातला ओलावा धरून ठेवतो, पण त्यासाठी आधी तो स्वतः कोरडा हवा.

*केओलिन माती.* गोळ्याला घट्टपणा देते. मुलतानी मातीही चालते, मात्र टबाला रंगाचा थर धरते.

*कोको बटर.* दमट आणि उष्ण हवेत बांधणीसाठी हेच सोयीचं. ते साधारण 34 ते 36 अंशांना वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला घट्ट राहतं. खोबरेल तेल 25 अंशांच्या आसपासच पातळ होतं. मुंबईत ते वर्षातला बहुतेक काळ पातळच असतं, त्यामुळे गोळ्याला कणा मिळत नाही.

*आयसोप्रोपिल अल्कोहोल, 99 टक्के.* औषधाच्या दुकानातलं 70 टक्क्यांचं नको, त्यात बाकीचं पाणीच असतं. सॅनिटायझर तर नकोच नको.

*पॉलिसॉर्बेट 80.* तेल आणि रंग पाण्यात मिसळून घेतं. नाही घातलं तर टबाच्या कडेला रंगाची रेघ बसते आणि तळ निसरडा होतो.

आता काय घालायचं नाही ते. ग्लिसरीन, मध, साखर, दूध पावडर, समुद्री मीठ हे सगळे ओलावा ओढणारे आहेत. एप्सम सॉल्टचं निम्मं वजन तर स्फटिकातलं पाणीच असतं. वाळलेल्या गुलाबपाकळ्या फोटोत छान दिसतात, पण त्या ओल धरतात, तपकिरी पडतात आणि शेवटी जाळीत अडकतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी म्हणून उटणं घालायचा मोह होतो. वनस्पतींच्या पुडीत ओल असतेच, म्हणून उटणं वेगळ्या पुडीत द्या. हळदीचा पिवळा रंग हवा असेल तर तो विचार सोडा. सोड्याशी गाठ पडली की हळद लाल होते, कुंकू याच गुणावर बनतं. पिवळा बॉम्ब करायला जाल आणि विटकरी ठिपक्यांचा हाती येईल.

खाण्याचे पातळ रंगही नकोत, त्यांत पाणी असतं. कॉस्मेटिकसाठीची माइका पावडर, म्हणजे अभ्रकाची रंगीत पूड, घ्या.

पायरी 3: माप

वाटी-चमच्याने मोजू नका. दमट हवेत सोडा दबतो, गुठळतो, एकच वाटी दोनदा भरली तर दोन वजनं येतात. किचन वजनकाटा पुरे. सुगंधासाठी मात्र 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हवा.

खाण्याचा सोडा 200 ग्रॅम
सायट्रिक ॲसिड, अनहायड्रस 100 ग्रॅम
कॉर्नफ्लोअर, सुकवलेलं 40 ग्रॅम
केओलिन 20 ग्रॅम
कोको बटर 8 ग्रॅम
बदाम तेल 5 ग्रॅम
पॉलिसॉर्बेट 80 4 ग्रॅम
सुगंधी तेल 3 ग्रॅम
माइका 1 ग्रॅम
अल्कोहोल, लागलंच तर 2 ते 3 ग्रॅम

यात 5 सेंटिमीटर व्यासाचे चार, हात हलका असेल तर पाच गोळे होतात. पहिल्यांदा करताना याच्या अर्ध्यानेच सुरुवात करा. एसी नसेल तर तिसरा हिस्सा घ्या. घाणा जितका लहान, तितका वेळ साहित्य हवेत उघडं कमी राहतं.

सोडा दुप्पट का, असं कुणी विचारेल. हिशेबाने 100 ग्रॅम सायट्रिकला 131 ग्रॅम सोडा पुरतो. उरलेला सोडा मुद्दाम ठेवलेला असतो. पाणी आंबट राहून त्वचेला झोंबू नये, म्हणून.

पायरी 4: कॉर्नफ्लोअर सुकवणं आणि सोडा न सुकवणं

पिशवीतल्या कॉर्नफ्लोअरमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. तो काढला की हेच पीठ पुढे तुमच्या बाजूने काम करतं.

ओव्हन किंवा ओटीजी असेल तर ताटात पातळ पसरून 100 अंशांवर एक तास. नसेल तर जाड बुडाच्या कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं हलवत राहा, रंग बदलू देऊ नका. झालं की नाही ते कळायला कढईवर स्टीलची थंड ताटली उपडी धरा. ताटलीच्या आतून वाफ धरते तोवर पीठ ओलं आहे. ताटली पुसून पुन्हा धरली आणि कोरडीच राहिली, की गॅस बंद करा. गरम असतानाच झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यातच गार होऊ द्या. ताटात पसरून गार करत बसलात तर काढलेली ओल ते पुन्हा ओढून घेतं.

*मोठा इशारा:* हाच प्रयोग सोड्यावर करू नका. खाण्याचा सोडा साधारण 50 अंशांपासूनच हळूहळू आणि पुढे झपाट्याने मोडतो. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. तव्यावर भाजलेल्या किंवा ओव्हनमध्ये "कोरड्या केलेल्या" सोड्याचा बॉम्ब कमी फसफसतो आणि अंगाला खाजही आणतो. सोड्यात गुठळ्या असतील तर चाळा. चाळून मोडत नसतील तर नवं पाकीट आणा.

पायरी 5: मिसळण्याचा क्रम

बहुतेकांचं इथेच चुकतं. दोन्ही पावडरी एकत्र करून वरून तेल ओततात. तसं केलं की तेल पोहोचण्याआधीच सोडा आणि सायट्रिक एकमेकांना भिडलेले असतात आणि हवेतली ओल दोघांना मिळालेली असते. आपल्याला सोड्याच्या कणांवर आधी स्निग्धाचं कवच चढवायचं आहे, सायट्रिक शेवटी.

मास्क आणि हातमोजे घाला. सायट्रिकची धूळ नाकात गेली की ठसका लागतो आणि बोटावर साधा ओरखडा असेल तरी चांगलंच झोंबतं. पंखा बंद ठेवा.

1. सोडा, कॉर्नफ्लोअर, केओलिन आणि माइका एकत्र करून पिठाच्या चाळणीतून दोनदा चाळा. सायट्रिकची पिशवी अजून बंदच.

2. कोको बटर वाटीत घेऊन गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवा. हे काम शेजारच्या खोलीत उरका आणि वाटीचं बूड कोरडं पुसून आणा. एसीच्या खोलीत पाणी उकळत ठेवणं म्हणजे दोन तासांच्या तयारीवर पाणी सोडणं. वितळलेल्या बटरमध्ये बदाम तेल आणि पॉलिसॉर्बेट घाला, कोमट झाल्यावर सुगंध.

3. हे मिश्रण पातळ धारेने सोड्याच्या पावडरीत घालत जा आणि बोटांच्या पेरांनी चोळा. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो, अगदी तसं. तीन ते चार मिनिटं. एकही पिवळसर गुठळी राहता कामा नये. राहिलीच तर तिथे गोळ्यावर तेलकट डाग पडतो.

4. आता सायट्रिकची पिशवी उघडा, 100 ग्रॅम मोजा, पिशवी लगेच बंद करा. पावडरीत घालून अलगद पण नीट मिसळा, एखादं मिनिट.

*तपासणी:* मिश्रणात हात घालून बघा. सोडा आणि सायट्रिकची क्रिया उष्णता ओढून घेणारी आहे. मिश्रण खोलीपेक्षा थंड लागलं तर आत काम सुरू झालंय असं समजा. कान जवळ नेलात तर बारीक चुरचुर ऐकूही येते. अशा मिश्रणात आणखी अल्कोहोल घालू नका. लगेच साच्यात भरा किंवा सुटी पावडर म्हणून बाजूला ठेवा.

सायट्रिक पडल्यापासून साचा भरेपर्यंत दहा-बारा मिनिटं आहेत. फोन आला तर वाजू द्या.

पायरी 6: मूठ वळून बघणं

मूठभर मिश्रण घेऊन बेसनाचा लाडू वळताना दाबतो तसं दाबा. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट दिसले पाहिजेत. तो मुटका ताटात वीतभर उंचीवरून सोडा. दोन-तीन मोठे तुकडे झाले तर मिश्रण तयार आहे. भुगा झाला तर कोरडं आहे. तसाच राहिला आणि हाताला तुपकट लागला तर तेल जास्त झालंय, एक चमचा सुकवलेलं कॉर्नफ्लोअर चोळा.

कोरडं असेल तरच अल्कोहोल, तेही बारीक फवाऱ्याने. दोन फवारे, मिसळा, पुन्हा मूठ. इथे हात सैल सोडला की घाणा गेला, आणि त्याचं कारण जरा वेगळं आहे. 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर 25 अंशांच्या जवळपास दव पडू लागतं. अल्कोहोल उडताना पृष्ठभाग गार करतं. तीन-चार अंश गार झाला की हवेतलं पाणी थेट मिश्रणावर बसतं. म्हणजे अल्कोहोल पाणीविरहित असूनही भरपूर मारलं आणि वर पंखा लावला, तर आपणच पाणी ओढून आणतो.

*इशारा:* अल्कोहोलची वाफ पेट घेते. खोलीत निरांजन, उदबत्ती, गॅस काहीही पेटतं नको.

पायरी 7: साच्यात भरणं

दोन अर्धगोलांचा प्लास्टिकचा साचा घ्या. आतून कोरड्या कापडाने पुसा, धुऊन लगेच वापरू नका. दोन्ही भाग शिगोशीग भरा. कडेला हलकं दाबा, मधला ढीग तसाच राहू द्या, तोच दोन अर्ध्यांना सांधतो. मग दोन्ही भाग समोरासमोर आणून सरळ दाबा. पिळू नका, पिळलं की मधोमध चीर जाते. बाहेर आलेला भुगा पुसा.

दोन-तीन मिनिटं थांबा. एका बाजूला चमच्याने हलकेच टकटक करा, तो अर्धा उचला, गोळा तळहातावर उलटा करून दुसरा काढा. साच्यातच रात्रभर ठेवायचं असं जिथे लिहिलंय ती कोरड्या प्रदेशातली रीत आहे. इथे साच्यात कोंडलेली ओल बाहेर पडत नाही आणि गोळा फुगून साचाच उघडतो.

टब नसेल आणि बादलीनेच आंघोळ असेल, तर प्लास्टिकचा मोदकाचा साचा उत्तम. खालच्या भोकातून भरायचं, अंगठ्याने दाबायचं, मिनिटभराने पाकळ्या उघडायच्या. एक मोदक साधारण 20 ग्रॅमचा होतो. ॲल्युमिनियमचा साचा नको, आम्लाने काळपट पडतो. आणि एकदा यासाठी वापरलेला साचा पुन्हा नैवेद्याच्या मोदकांना वापरायचा नाही. त्यावर रंगीत पेनाने खूणच करून ठेवा.

पायरी 8: वाळवणं

गोळे प्लास्टिकच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा. पुठ्ठ्याचा ट्रे ओल धरतो. त्याच कोरड्या खोलीत तीन-चार तास राहू द्या, म्हणजे अल्कोहोल उडून जाईल. दोन तासांनी एकदा बाजू बदला. एसीचा झोत थेट नको, एका बाजूने चिरा पडतात.

दिवसभर एसी चालवणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे पुढचं काम डब्यात. घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, तळाशी 200 ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषून घेणारे दाणे) पसरा, त्यावर तारेची जाळी, जाळीवर गोळे, एकमेकांना न चिकटवता. झाकण लावा आणि 48 तास विसरून जा. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या, नारिंगी रंगाचं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नकोच. रंग उतरला की 120 अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेवलं की पुन्हा कामाला तयार. डब्याला लहान मुलांचा हात लागू देऊ नका.

मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात म्हणून इथेही तांदूळ टाकणारे बरेच आहेत. तांदळात स्वतःचीच बारा-तेरा टक्के ओल असते. त्याने काही सुकत नाही.

*तपासणी:* डब्यात ठेवण्याआधी एका गोळ्याचं वजन करून ठेवा आणि 48 तासांनी पुन्हा करा. एखादा ग्रॅम कमी झालं तर अल्कोहोल गेलं, ठीक आहे. वाढलं असेल तर गोळा ओल ओढतोय, झाकण नीट बसत नाही किंवा जेल संपलंय. वजन बरंच उतरलं आणि आकार मात्र फुगला असेल, तर गॅस आधीच निघून गेला. तो गोळा भेट द्यायच्या लायकीचा राहिला नाही.

पायरी 9: बांधणी

एक गोळा झिप पिशवीत हवा काढून रात्रभर ठेवा. सकाळी पिशवी फुगलेली दिसली तर अख्खा घाणा अजून जिवंत आहे, परत डब्यात घाला. सपाट असेल तर बांधा.

बांधणी कोरड्या खोलीतच, दार उघडण्याआधी. एसीतला गार गोळा दमट हॉलमध्ये नेऊन तिथे निवांत रिबिनी बांधत बसलात, तर फ्रिजमधल्या बाटलीसारखं त्याच्यावरही दव धरतं. आधी घट्ट क्लिंग फिल्म, वर ॲल्युमिनियमचा थर असलेली झिप पिशवी, आत सिलिकाची छोटी पुडी. नुसत्या क्लिंग फिल्ममधून ओल हळूहळू आत जातेच.

*इशारा:* फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीत भरू नका. ओल आत गेली तर गॅसला बाहेर पडायला वाट राहत नाही.

तयार बॉम्ब बाथरूममध्ये ठेवायची चूक सर्रास होते. कपाटात ठेवा आणि किनाऱ्यावर राहत असाल तर तीन महिन्यांत संपवा. विकायचे असतील तर सौंदर्यप्रसाधन म्हणून कॉस्मेटिक्स रूल्स 2020 लागू होतात आणि उत्पादनाचा परवाना लागतो. घरगुती आहे म्हणून सूट मिळत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जायचं.

बिघडलं तर काय बिघडलं

अंगावर बारीक फोड: सायट्रिकचे जाड खडे किंवा अल्कोहोलचे मोठे थेंब. फवारा बारीक करा.

गोळा साच्याबाहेर वाढला: मिश्रण आधीच सुरू झालं होतं. खोलीतला आकडा बघा, कॉर्नफ्लोअर सुकवलं होतं का ते आठवा.

मधोमध चीर: साचा पिळला, किंवा दोन अर्धे भरण्यात वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी मऊ, तेलकट: कोको बटर कमी, तेल जास्त. मे महिन्यात बदाम तेल 5 ऐवजी 3 ग्रॅम करा आणि ते 2 ग्रॅम कोको बटरमध्ये वाढवा.

दिसतो छान, पण पाण्यात थंड: वाळवताना आतल्या आत क्रिया होऊन गेली. असा गोळा हातात हलका लागतो.

बिघडलेला गोळा फोडून, अल्कोहोल मारून पुन्हा साच्यात दाबणं मात्र टाळा. जेवढी क्रिया झाली ती झाली, तिथे आता नुसतं सोडियम सायट्रेट, म्हणजे क्रियेनंतर उरलेला क्षार, आहे आणि त्याला कितीही दाबलं तरी फसफस परत येत नाही. भुगा करून डब्यात ठेवा आणि आठवडाभरात पाय बुडवायच्या टबात वापरा, पाच लिटर कोमट पाण्याला एक मोठा चमचा.

बादलीसाठी प्रमाण

80 ग्रॅमचा गोळा दीडशे लिटरच्या टबासाठी आहे. तोच 20 लिटरच्या बादलीत टाकला तर सुगंधी तेल सातपटीहून जास्त तीव्र होतं. दालचिनी, लवंग किंवा गवती चहाचं तेल असेल तर अंगाची आगच होईल. बादलीसाठी 20 ग्रॅमचा एक मोदक पुरे आणि त्या घाण्यात सुगंध 3 ऐवजी 1.5 ग्रॅम घ्या. मोदक आधी तांब्याभर पाण्यात नको, थेट भरलेल्या बादलीत टाका आणि फसफस थांबेपर्यंत थांबा. वर तरंगणारा तेलाचा तवंग हाताने ढवळून घ्या, नाहीतर पहिल्याच तांब्यात सगळं डोक्यावर येतं.